‘मादाम शेरो’ : एका जुन्या आयरिस-वाणाचे चरित्र, ओळख व लागवड

उद्यानविद्येच्या इतिहासकाराजवळ एक साधन असे असते की, त्याच्या तोडीचे साधन राजकीय इतिहासाच्या अभ्यासकाला कधीही लाभत नाही. ताम्रपट हाती येतो, परंतु ज्या राजाने तो दिला तो राजा काही अभ्यासकाच्या भेटीस येत नाही. वनस्पतीच्या बाबतीत मात्र अशी भेट शक्य असते. इ. स. १८४४ मध्ये पॅरिसच्या परिसरातील लेमों नावाच्या रोपवाटिकाकाराने ‘मादाम शेरो’ या नावाने जो आयरिस विक्रीस काढला, तो युरोप व अमेरिकेतील कित्येक बागांत आजही वसंताच्या अखेरीस फुलतो. अधिक काटेकोरपणे बोलावयाचे तर, त्या नावाची पाटी ज्याच्यापुढे रोवली आहे असा एक आयरिस तेथे फुलतो. या दोन विधानांतील अंतर हा प्रस्तुत लेखाचा विषय होय. पाटीवरील नाव आणि पाटीमागील रोप यांचा संबंध पावणेदोनशेहून अधिक वर्षे कसा टिकला, तो तुटण्याचे प्रसंग कोणते आले, आणि तो टिकविण्यासाठी लागवडीत काय काय सांभाळावे लागते, या तीन प्रश्नांचा विचार परस्परांपासून तोडून करता येत नाही. सामान्यतः इतिहास एका ग्रंथात व लागवड दुसऱ्या ग्रंथात सांगण्याची प्रथा आहे. येथे ती प्रथा सोडावी लागते, कारण या वाणाचा इतिहास म्हणजे त्याच्या लागवडीचाच इतिहास आहे.

प्रथम वनस्पतीचा परिचय करून देणे अवश्य आहे. आयरिस ही केशर-कुलातील प्रजाती. तिच्यातील ज्या गटास ‘उंच दाढीवाले आयरिस’ म्हणतात त्याची उंची सुमारे ७० सेंटिमीटर व त्याहून अधिक असते. जमिनीलगत आडवे वाढणारे जाड मूलक्षोड, त्यातून पंख्यासारखी दुहेरी रांगेत निघालेली तलवारीच्या पात्यासारखी पाने, आणि मधून वर येणारा शाखायुक्त पुष्पदंड, असे त्याचे एकंदर रूप आहे. हळद, आले किंवा वेखंड ज्यांनी लावले आहे त्यांना मूलक्षोडाची कल्पना निराळी देण्याचे कारण नाही. फरक इतकाच की, हळद मातीखाली राहते व आयरिसचे मूलक्षोड आपली पाठ उन्हाला देऊन बसते. फुलाला सहा परिदले असतात. त्यांपैकी तीन उभी राहून माथ्याशी घुमटासारखी जुळतात व तीन खाली लोंबतात. लोंबत्या परिदलांच्या मध्यावर दाट केसांची जी पट्टी असते तिलाच ‘दाढी’ म्हणतात. कुक्षिवृंताच्या तीन शाखाही पाकळ्यांसारख्याच रुंद असून प्रत्येकीच्या आडोशाला एक एक पुंकेसर दडलेला असतो. मधमाशी आत शिरताना तिच्या पाठीवरचे परागकण कुक्षीच्या ओठावर घासले जातात, आणि बाहेर पडताना तो ओठ मिटल्यासारखा दाबला जातो; त्यामुळे त्याच फुलाचे पराग त्याच फुलाला सहसा मिळत नाहीत. या रचनेचे परिणाम पुढे लागवडीच्या संदर्भात पुन्हा पाहावे लागतील.

‘मादाम शेरो’चे फूल पांढरे असून त्याच्या साही परिदलांच्या कडांना निळसर जांभळ्या रंगाच्या बारीक शिरांची किनार असते. पांढऱ्या लुगड्याला निळी किनार असावी, आणि ती विणलेली नसून सुईने टाके घालून काढलेली असावी, तसे ते दिसते. या रंगरचनेला युरोपीय उद्यानविद्येत ‘प्लिकाटा’ अशी संज्ञा आहे. मराठीत ‘किनारीदार’ म्हणण्यास प्रत्यवाय नसावा. आजच्या प्रदर्शनांतील आयरिसांच्या मानाने हे फूल लहान, अरुंद व पातळ पोताचे आहे, परंतु दांडा उंच व फुलांची संख्या भरपूर.

एखादा वाण पावणेदोनशे वर्षे ‘तोच’ राहिला असे म्हणताना नेमके काय म्हणावयाचे असते? आयरिसच्या बीपासून उगवलेले रोप आईसारखे निपजत नाही. आपल्याकडे हापूसची कोय लावली असता हापूस मिळत नाही, रायवळ आंबा मिळतो. हापूस हवा तर कलमच करावे लागते. आयरिसची गोष्ट हीच. बी हे नवे रोप देते, मूलक्षोडाचा तुकडा जुने रोप पुढे नेतो. म्हणून ‘मादाम शेरो’ची म्हणून जितकी रोपे आज असतील ती सर्व, नाव खरे असेल तर, लेमोंच्या वाफ्यातील एकाच रोपाचे तुकडे आहेत, त्यांना त्या रोपाची संतती म्हणणे शास्त्रदृष्ट्या चुकीचे होईल. केशराचे उदाहरण याहून बोलके आहे. पांपोरच्या पठारावरील केशर त्रिगुणित व म्हणून वंध्य आहे. त्याला बी धरत नाही, कंदांवरच त्याची परंपरा चालते, आणि माणसाने कंद उपटून लावण्याचे सोडले तर ती परंपरा संपेल. बागेतील आयरिस इतका पराधीन नाही. पण त्याचे नाव मात्र केशराइतकेच माणसाच्या हातावर अवलंबून आहे.

युरोपातील दाढीवाल्या आयरिसांची जुनी कुळकथा मुख्यतः दोन जातींभोवती फिरते. एक, ॲड्रियाटिकच्या पूर्व किनाऱ्यावरील डाल्मेशिया भागातील फिकट जांभळा आयरिस पॅलिडा. दुसरी, मध्य व आग्नेय युरोपातील पिवळी-तपकिरी आयरिस व्हेरिएगाटा. जेथे या दोन जाती शेजारी आल्या तेथे मधमाश्यांनी संकर घडविले, आणि त्यांतील डोळ्यांत भरणारी रोपे लोकांनी अंगणात आणून लावली. सोळाव्या शतकातील थोर वनस्पतिज्ञ क्लूसियस याने बियांपासून वाढविलेल्या आयरिसांत रंगांचे विलक्षण वैविध्य दिसते हे नोंदून ठेवले आहे. त्याचा प्रसिद्ध ग्रंथ १६०१ चा. स्वेअर्ट याच्या १६१२ च्या चित्रसंग्रहाशी ज्याचे नाव निगडित आहे तो ‘स्वेर्टी’ हा किनारीदार आयरिस. लामार्क याने १७८९ मध्ये ‘प्लिकाटा’ व ‘स्वेर्टी’ ही दोन्ही नावे स्वतंत्र जाती म्हणून दिली. ती जाती नव्हेत, पॅलिडापासून उद्भवलेली उद्यानरूपे होत, हे मत पुढे रूढ झाले. तात्पर्य, किनारीदार आयरिस लेमोंने निर्माण केला असे समजणे बरोबर नाही. हा नमुना त्याच्या आधी दोन शतके बागांत होता.

मग एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात नवे काय घडले? नवे घडले ते नामकरण. द ब्यूर या फ्रेंच हौशी उद्यानकाराने १८२२ च्या सुमारास आपल्या वाफ्यात बियांपासून निघालेल्या एका किनारीदार आयरिसला ‘ब्यूरिएन्सिस’ असे नाव दिले. बागेत निपजलेल्या एका विशिष्ट रोपाला स्वतंत्र नाव देऊन ते वेगळे जपण्याचे, दाढीवाल्या आयरिसांच्या इतिहासातील हे पहिले उदाहरण मानले जाते. त्याच्या उदाहरणावरून नयी येथील राजोद्यानाचा प्रमुख माळी झाक याने आयरिसचे बी पेरण्यास आरंभ केला, आणि या दोघांच्या पाठोपाठ लेमों आला. १८४० मध्ये लेमोंने सुमारे शंभर नामांकित आयरिसांची सूची प्रसिद्ध केली. त्यांतील ‘झाकेसियाना’ हे नाव उघडच झाकच्या सन्मानार्थ आहे. ‘मादाम शेरो’ त्यानंतर चार वर्षांनी आला.

लेमोंची पद्धत आजच्या संकरकाराला बाळबोध वाटेल. परागण तो मधमाश्यांवर सोपवी. पिकलेल्या बोंडांतील बी पेरी, आणि तीन-चार वर्षांनी फुले आली की त्यांतून निवड करी. हजारो रोपांतून शंभर निवडणे ही डोळ्याची परीक्षा होती, प्रयोगशाळेची नव्हे. परंतु यावरून त्याचे कार्य सामान्य ठरविणे अन्यायाचे होईल. पॅरिसमध्ये १८२७ मध्ये उद्यानविद्या-संस्था स्थापन झाली होती, मध्यमवर्गाच्या बागा वाढत होत्या, आणि छापील मूल्यसूची पाहून दूरच्या गिऱ्हाइकाने रोप मागवावे असा व्यापार बाळसे धरीत होता. अशा व्यापारात ‘एक निळा आयरिस पाठवा’ हे चालत नाही. मागितलेले व मिळालेले रोप एकच असावे लागते. नाव ही म्हणून व्यापाराची गरज होती. पुढे तीच इतिहासाची सोय झाली, ही गोष्ट निराळी. लेमोंच्या आधीचे कित्येक आयरिस आज बागांत असतील, पण निनावी असल्यामुळे त्यांचे वय सांगता येत नाही.

‘मादाम शेरो’चा प्रसार झपाट्याने झाला. इंग्लंडमध्ये पीटर बार याने दाढीवाल्या आयरिसांचे रंगरचनेनुसार गट पाडून विक्री केली, त्यांत त्याला स्थान मिळाले. अमेरिकेत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील रोपवाटिकांच्या सूचींत तो नित्याचा झाला. येथे जुन्या सूची चाळणाऱ्या विद्यार्थ्याला एक सावधगिरीची सूचना द्यावयास हवी. त्या काळच्या काही इंग्रजी सूचींत किनारीदार वाण ‘अफिला’ या गटनामाखाली येतात. आयरिस अफिला ही वस्तुतः निराळीच, बुटकी जाती आहे. गटनाम पाहून वंशाचे अनुमान काढल्यास सारा हिशेब चुकतो.

या प्रसाराचे कारण सौंदर्य हे होतेच, पण त्याहून मोठे कारण असे की, हा आयरिस मरत नसे. मूलक्षोडाचा बोटभर तुकडा पोत्यात पडून आठवडेच्या आठवडे टिकतो, लावला की रुजतो, तीन वर्षांत त्याचा ठोंब होतो आणि शेजारणीला देण्याइतका वाढतो. स्थलांतर करणारी कुटुंबे तो बरोबर घेऊन जात. घराच्या पायऱ्यांशी, कुंपणाच्या कडेला आणि थडग्यांवर तो लावला जाई.

थडग्यांवर आयरिस लावण्याची चाल केवळ पाश्चात्त्य नाही. अरबस्तानातील पांढरा आयरिस अल्बिकान्स हा मुसलमानांच्या कबरस्तानांबरोबर पश्चिमेस स्पेनपर्यंत गेला. तोही वंध्य असल्यामुळे प्रत्येक ठिकाणी माणसानेच नेलेला आहे. काश्मीरच्या खोऱ्यात कबरींवर व जुन्या घरांच्या मातीच्या धाब्यांवर फुलणारा आयरिस काश्मिरियाना हे आपल्या देशातील उदाहरण. त्याचे शास्त्रीय वर्णन बेकर याने १८७७ मध्ये केले. कबरस्तान ही जागा आयरिसला मानवते याचे कारण भावनेत शोधण्याची गरज नाही. तेथे ऊन असते, पाण्याचा निचरा असतो, नांगर फिरत नाही आणि कोणी फाजील खतपाणीही करीत नाही. हीच चार कारणे पुढे जुन्या वाणांच्या रक्षणास उपयोगी पडली.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या वाणावर जे संकट आले ते रोगाचे किंवा दुष्काळाचे नव्हते. ते अधिक मोठ्या फुलाचे होते. केंब्रिज येथील शरीरक्रियाविज्ञानाचे प्राध्यापक सर मायकेल फॉस्टर (१८३६–१९०७) यांना आयरिसचा छंद होता. पूर्वेकडील प्रदेशांत वावरणाऱ्या मिशनऱ्यांशी पत्रव्यवहार करून त्यांनी तेथील आयरिस मागविले. उत्तर अनातोलियातील अमास्या येथून आलेला ‘अमास’ हा त्यांतील प्रमुख. तसेच ट्रोजाना, सिप्रियाना इत्यादी. त्यांच्या मृत्यूनंतर बाजारात आलेल्या त्यांच्या संकरांत ‘काश्मीर व्हाइट’ या नावाचाही एक वाण आहे, आणि ते नाव काश्मिरी आयरिसकडे बोट दाखविते. पूर्वेकडील या आयरिसांची फुले पॅलिडा-व्हेरिएगाटा वंशाच्या फुलांहून कितीतरी मोठी, जाड पोताची होती. कारण फॉस्टर यांना ठाऊक नव्हते. ते १९२० नंतरच्या काळात पेशीविज्ञानाने उघड केले. जुन्या युरोपीय वाणांत गुणसूत्रे २४, म्हणजे ते द्विगुणित. अमास आदी पूर्वेकडील आयरिसांत ४८, म्हणजे ते चतुर्गुणित. दोहोंच्या संकरातून बहुधा ३६ गुणसूत्रांची जवळजवळ वंध्य रोपे निघत. परंतु क्वचित द्विगुणित जनकाच्या जननपेशीत गुणसूत्रांची संख्या निम्मी न होता पूर्ण राही, आणि मग ४८ गुणसूत्रांचे सुफल रोप मिळे. डेव्हनमधील ए. जे. ब्लिस याने १९१७ मध्ये प्रसिद्ध केलेला, ‘कॉर्डेलिया’ व ‘अमास’ यांच्या संकरातील ‘डोमिनियन’ हे अशा योगायोगाचे सर्वांत फलदायी उदाहरण होय. संकरकारांनी चतुर्गुणितांची निवड आधी केली आणि त्या निवडीचे शास्त्र मागाहून समजले, हा क्रम विज्ञानाच्या इतिहासात दुर्मिळ नाही. पण आयरिसइतका स्वच्छ क्वचितच पाहावयास मिळतो.

यानंतर जुन्या द्विगुणित वाणांची पीछेहाट झाली. डाइक्स यांच्या स्मरणार्थ ठेवलेले पदक अमेरिकेत प्रथम, १९२७ मध्ये, ‘सॅन फ्रान्सिस्को’ या वाणास मिळाले, आणि तो वाण किनारीदारच होता : पांढऱ्यावर फिकट जांभळी किनार. ‘मादाम शेरो’ची जागा त्याच्याच नमुन्याच्या पण दुप्पट गुणसूत्रांच्या फुलाने घेतली. जुना वाण वाईट ठरला नव्हता. तो सूचीतून गळला, इतकेच. पण ज्या वाणाचे अस्तित्व सूचीतील नावाने सुरू झाले त्याचे सूचीतून गळणे ही साधी गोष्ट नव्हे. रोप मरत नाही, ते निनावी होते.

याच सुमारास नावांची व्यवस्था लावण्याचा पहिला मोठा प्रयत्न झाला, हा योगायोग म्हणता येणार नाही. अमेरिकन आयरिस सोसायटी १९२० मध्ये स्थापन झाली. पॅरिसमध्ये १९२२ साली आयरिसविषयक आंतरराष्ट्रीय परिषद भरली. एकच रोप चार नावांनी आणि एकच नाव चार रोपांना, अशी बाजाराची स्थिती होती. सोसायटीने १९२९ व १९३९ मध्ये नावांच्या बृहत्सूची प्रसिद्ध केल्या, आणि १९५५ पासून आंतरराष्ट्रीय नोंदणीचे काम तिच्याकडे आले. या सूचींचे महत्त्व वादातीत आहे. तथापि त्यांनी जतन केली ती नावे; रोपे नव्हेत. आज त्यांतील कित्येक नोंदींमागे एकही रोप उभे नाही, आणि जुन्या वाड्यांच्या आवारात कित्येक रोपे अशी आहेत की त्यांची नोंद सूचीत निश्चित असली पाहिजे, पण ती कोणती हे सांगता येत नाही.

रोपे जपण्याचे काम दुसऱ्यांनी केले. न्यू जर्सीतील माँटक्लेअर येथे १९२७ मध्ये प्रेस्बी यांच्या स्मरणार्थ जे आयरिस-उद्यान उभारले गेले त्यात जुने वाण कालक्रमाने सांभाळले आहेत. पुढे १९८८ मध्ये अमेरिकेतच ऐतिहासिक आयरिसांच्या जतनासाठी स्वतंत्र संस्था निघाली. तीस वर्षांहून जुना वाण तो ‘ऐतिहासिक’, अशी तिची मर्यादा आहे. ही मर्यादा अभ्यासकाला फार सैल वाटेल. पण जतनाच्या दृष्टीने ती शहाणपणाची आहे, कारण वाण हरवतो तो शंभराव्या वर्षी नव्हे, विक्रीतून गेल्यानंतरच्या पहिल्या वीस-तीस वर्षांत. उद्यानांच्या आधी व उद्यानांबाहेर हे काम कबरस्तानांनी, ओसाड शेतघरांनी आणि नाव ठाऊक नसताही रोप न उपटणाऱ्या गृहिणींनी केले आहे. त्यांच्याकडून रोप वाचले, नाव नाही.

तेव्हा ओळखीचा प्रश्न येतो. एखाद्या जुन्या आवारात पांढरा, निळ्या किनारीचा, उंच दांड्याचा आयरिस सापडला तर तो ‘मादाम शेरो’ म्हणावा काय? गुणसूत्रांची संख्या मोजली आणि ती ४८ निघाली तर उत्तर नकारार्थी, हे तत्काळ ठरते. २४ निघाली तर मात्र फक्त इतकेच सिद्ध होते की नकार देता येत नाही. द्विगुणित किनारीदार वाण एकोणिसाव्या शतकात अनेक होते. जुन्या सूचींतील वर्णने दोन-तीन ओळींची, आणि ती विक्रेत्याने लिहिलेली. शुष्क नमुन्यात निळा रंग टिकत नाही. रंगीत चित्र असेल तर ते उपयोगी पडते, परंतु चित्रकाराने फूल काढलेले असते. पुष्पदंडाच्या फांद्या किती व कोठून फुटतात, कळ्यांवरील छदे हिरवी की पापुद्र्यासारखी, पानांच्या बुडाशी जांभळी झाक आहे की नाही, या ज्या खुणा ओळखीला खरोखर लागतात त्या त्याने बहुधा सोडलेल्या असतात. ‘ऑनोराबिल’ (लेमों, १८४०) आणि व्हान हूटचा ‘सां-सूसी’ (१८५४) हे दोन पिवळे-तपकिरी वाण एकमेकांच्या नावाने दीर्घकाळ विकले गेले, ते याच कारणामुळे.

अलीकडे डी. एन. ए. च्या परीक्षेवर पुष्कळांची भिस्त आहे. ती कोठवर पुरते हे नीट पाहिले पाहिजे. दोन बागांतील रोपे एकाच मूळ रोपाचे तुकडे आहेत की नाहीत हे ती परीक्षा खात्रीने सांगू शकते. परंतु त्या रोपाचे नाव काय हे ती सांगू शकत नाही. नावासाठी एखादा असा नमुना हवा की ज्याचे नाव व साल जुन्या, विश्वसनीय लेखाने बांधलेले आहे. मग तो शुष्कसंग्रहातील असो की अखंड नोंदी असलेल्या उद्यानातील. तसा नमुना नसेल तर दहा बागांतील रोपे एकरूप निघाली तरी दहाही बागांनी एकाच चुकीच्या रोपवाटिकेतून ती आणलेली असणे शक्य आहे. संख्याबळाने पुरावा वाढत नाही. उगम स्वतंत्र असतील तरच वाढतो. हस्तलिखितांच्या चिकित्सेत जे तत्त्व मराठीच्या अभ्यासकांस परिचित आहे, की एकाच पोथीवरून उतरलेल्या वीस प्रतींची साक्ष ही एकच साक्ष, तेच येथे लागू पडते. म्हणून ज्या रोपाच्या मागे देण्याघेण्याची नोंद आहे ते, फुलाचे वर्णन थोडे कमी जुळले तरी, नोंद नसलेल्या हुबेहूब रोपापेक्षा अधिक मोलाचे मानले पाहिजे.

आता लागवड. या वाणाला दिवसातून निदान सहा तास स्वच्छ ऊन, पाण्याचा उत्तम निचरा आणि थंड हिवाळा या तीन गोष्टी हव्यात. हिवाळ्याची थंडी मिळाल्याखेरीज फुलोरा धरत नाही, आणि उन्हाळ्यात फुलोऱ्यानंतर तो काही काळ अर्धवट विश्रांतीत असतो, तेव्हा त्याला कोरडेपणा लागतो. महाराष्ट्रात नेमक्या त्याच वेळी मोसमी पाऊस कोसळतो, आणि हिवाळाही पुरेसा कडक नसतो. म्हणून पठारावर किंवा कोकणात याच्या फुलोऱ्याची आशा धरू नये. महाबळेश्वरची उंची जरी आकर्षक वाटली तरी तेथील पाऊस त्याला मारक आहे. काश्मीरचे खोरे, विशेषतः निचऱ्याच्या जमिनी, त्याला अनुकूल आहेत. काश्मिरियानाचे तेथील वास्तव्य हाच त्याचा दाखला.

लावणीचा हंगाम फुलोरा संपल्यानंतर सुमारे सहा आठवड्यांनी येतो. जमीन भारी असेल तर गादीवाफा करावा. मातीची प्रतिक्रिया उदासीन असावी. ती आम्ल असल्यास थोडा चुना मिसळावा. ताजे शेणखत मुळीच घालू नये. नत्र अधिक झाले की पाने माजतात, मूलक्षोड मऊ पडते आणि कंदकूज शिरते. ही कूज जीवाणूंमुळे होते व तिला घाणेरडा वास येतो. कुजलेला भाग धारदार चाकूने निरोगी गरापर्यंत कापून काढावा आणि जखम उन्हात वाळू द्यावी. याहून चांगला उपाय रसायनांतही नाही. मूलक्षोड लावताना मातीचा लहानसा उंचवटा करून त्यावर ते आडवे बसवावे, मुळे दोन्ही बाजूंनी खाली सोडावीत, माती दाबावी आणि पाठ उघडी ठेवावी. हळदीच्या बेण्यासारखे पुरून टाकण्याचा मोह नवशिक्यास होतो. पुरलेला आयरिस एक तर कुजतो किंवा फुलत नाही. पाने पंख्याच्या आकारात सुमारे १५ सेंटिमीटर ठेवून छाटावीत, दोन रोपांत ३० ते ४५ सेंटिमीटर अंतर राखावे, आणि मुळे धरेपर्यंत बेताने पाणी द्यावे. पालापाचोळ्याचे आच्छादन घालू नये.

ज्या मूलक्षोडाला एकदा फूल आले त्याला पुन्हा येत नाही. त्याच्या बगलेला फुटलेले कोंब पुढील वर्षी फुलतात. त्यामुळे तीन-चार वर्षांत ठोंबाच्या मध्यभागी जुन्या, निकामी गाठींची दाटी होते आणि फुले कमी पडतात. तेव्हा ठोंब उपटावा, कडेचे जोमदार कोंब तोडून घ्यावेत आणि मधला जुना भाग फेकून द्यावा. १८४४ च्या रोपाचा एक कणही म्हणून आज कोठे शिल्लक नाही; दर तीन-चार वर्षांनी सर्वांत जुना भाग टाकूनच हा वाण येथवर आला आहे.

सामान्य बागाइताने इतके केले तरी पुरे. परंतु ज्याला वाण जपावयाचा आहे त्याने एक गोष्ट अधिक केली पाहिजे, आणि लागवडीच्या पुस्तकांत तिच्यावर पुरेसा भर नसतो. फुले कोमेजताच पुष्पदंड बुडाशी कापावा. बोंड धरू देऊ नये. ‘मादाम शेरो’ सुफल आहे. बोंड पिकून बी तेथेच सांडले, तर नवी रोपे ठोंबाच्या पोटातच उगवतात. ती निळी किंवा पिवळी निघाली तर निदान ओळखू येतात. पण किनारीदारपणा हे अप्रभावी लक्षण असल्यामुळे, त्याच वाणाच्या दोन फुलांत परागण होऊन झालेली सर्व रोपे किनारीदारच निपजतात, आणि मधमाशी एकाच ठोंबातील या फुलावरून त्या फुलावर जात असते. ही रोपे आईसारखी दिसतात, पण ती आई नव्हेत. बऱ्याचदा ती अधिक जोमदार असल्याने पुढच्या विभागणीच्या वेळी मालक त्यांनाच निवडतो, पाटी तीच राहते, आणि दहा-पंधरा वर्षांत रोप बदललेले असते. जुन्या बागांतून आलेले, एकाच नावाचे पण जरा जरा निराळे असे जे किनारीदार आयरिस आढळतात, त्यांतील काहींचा उगम असाच असला पाहिजे.

त्याच कारणासाठी विभागणी नेहमी फुलोऱ्यात खूण केलेल्या कोंबांची करावी. फुले असताना प्रत्येक दांड्याची तपासणी करून खात्रीच्या दांड्यास दोरा बांधावा, आणि सहा आठवड्यांनी त्या दोऱ्यालगतचेच बगलेचे कोंब उचलावेत. शेजारी दुसरा किनारीदार वाण लावू नये. लावणे भागच असेल तर मध्ये पिवळ्या वाणाची रांग ठेवावी. पाटी पावसाने धुपते व गडी ती उपटून भलतीकडे खोचतो, तेव्हा वाफ्याचा नकाशा कागदावर निराळा असावा. त्यात रोप कोणाकडून, कोणत्या वर्षी व कोणत्या नावाने आले, ते प्रथम केव्हा फुलले आणि पुढे कोणाला दिले, हे लिहावे. मिळालेल्या नावाविषयी शंका असल्यास नाव बदलू नये. मिळाले तसे लिहून शंका शेजारी नोंदवावी. वाणाचा एक ठोंब दुसऱ्या गावी, दुसऱ्या मालकाकडे असावा, आणि त्याच्या नोंदीची प्रत पहिल्याकडे.